दुहेरी अस्तर

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मंचावर टेबल होतं, टेबलावर दिवा, आणि दिव्याच्या तापलेल्या काचेवर नखाएवढा, दुधी रंगाचा कोळी. त्याचे आठही पाय हळूहळू पोटाशी आखडले.

"गेला बिचारा," कुणीतरी पुटपुटलं.

"गेला नाही, माझी वाट बघतोय!" मंचावर उभे असलेले श्वासगुरू हसले. "याला डोळे नाहीत. त्यामुळे याला मृत्यू दिसत नाही. आणि जो दिसत नाही, तो लागत नाही!"

टाळ्या पडल्या. या न्यायाने आंधळ्याला भिंतही लागायला नको. पण गर्दीला न्याय कुठे हवा असतो?

"माई, फडक्याचं टोक तू धर. खात्री तूच कर," असं म्हणत त्यांनी ज्या बाईला वर बोलावलं, ती माझी ताई होती. कोळ्यावर ओलं फडकं पडलं. तीन फुंकरा झाल्या, फडकं उचललं गेलं आणि काचेशेजारी कोळी चालू लागला. सभागृह गहिवरलं.

ताईच्या मुलीला फिट येतात. श्वासगुरूंच्या सांगण्यावरून अकरा दिवसांपूर्वी ताईने तिच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आदल्या दिवशी पोर शाळेच्या जिन्यावर कोसळली. ओठाला तीन टाके पडले. "रोग बाहेर पडतोय," असा गुरूंचा निरोप आला. मी ताईशी भांडले, तेव्हा ती म्हणाली होती, "मेलेला जीव उठतो गं. माझ्या पोरीला नुसतं बरंच तर व्हायचंय."

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. हा कोळी एका गुहेखेरीज कुठेही सापडलेला नाही. मादी वर्षातून जेमतेम चार-पाच अंडी घालते. दर वर्षी आम्ही त्यांची मोजणी करतो. लोकांना या जिवाबद्दल आपुलकी वाटावी म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच गुहेत सहल नेली होती. त्या सहलीत सर्वांत जास्त प्रश्न विचारणारे गृहस्थ आज मंचावर उभे होते.

ताई खाली आली, पण तिच्या चेहऱ्यावर गहिवर नव्हता.

"मेला त्याच्या पाठीवर निळा ठिपका होता," ती हळूच म्हणाली. "हा चालतोय त्याच्यावर पिवळा आहे."

ते ठिपके मीच रंगवले होते: गेल्या मोजणीत पिवळे, त्याआधीच्या मोजणीत निळे. ताईला ते ठाऊक नव्हतं.

मी उभी राहिले. "महाराज, फुंकरीने जीव येत असेल. रंगही बदलतो का?"

"अविश्वासी माणसाला रंगच दिसतात!" ते गरजले.

"रंग मला दिसला," ताई म्हणाली आणि पुन्हा मंचावर चढली. तिने फडकं उचलून चिमटीत चोळलं. तीस वर्षं शिवणकाम करणारी बोटं ती. "पुसायच्या फडक्याला दुहेरी अस्तर कशाला हो?"

श्वासगुरूंनी फडकं ओढलं. ताईने सोडलं नाही. टाके उसवले. आतल्या खिशातून निळ्या ठिपक्याचा कोळी टेबलावर पडला, पाय आखडलेला. शेजारच्या खिशात ओला कापूस होता. जिवंत कोळी त्यात दडवून आणला होता. दर वेळी एक मरत होता आणि दुसरा त्याच्या जागी चालत होता.

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, मग यालाही फुंकर घाला की!" हशा पिकला. त्या गोंधळात श्वासगुरू मागच्या दाराने सटकले.

मला हसू आलं नाही. "किती प्रयोग झाले याचे?" मी विचारलं.

"वर्षभर, दर आठवड्याला," सभागृहाच्या दारावरचा पहारेकरी म्हणाला.

म्हणजे पन्नासएक कोळी. गेल्या मोजणीत साऱ्या गुहेत मिळून कोळी भरले होते त्र्याऐंशी.

त्याच दुपारी भाचीला घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. "फिटच्या गोळ्या अशा एकदम थांबवणं जिवावर बेततं," डॉक्टर म्हणाले. गुहेच्या तोंडाला जाळीचं दार लावायचा अर्ज मी तिथल्याच बाकावर लिहिला. तो दोन वर्षांपूर्वी, सहलीच्या आधी लिहायला हवा होता.

मेलेला कोळी मी डबीत घालून आणला होता. भाची टाके पडलेला ओठ सांभाळत त्याच्याकडे बघत होती.

"मावशी, हा आता खरंच नाही उठणार?"

ताईनेच उत्तर दिलं. "नाही गं. मेलेलं कुणीच उठत नाही. म्हणून तर जिवंत आहे त्याला जपायचं." आणि तिने गोळीसोबत पाण्याचा पेला पुढे केला.