खंडूकाकाचा पार्ट

"वाच गो. पण लिवलंय तेवढंच. पदरचं घालू नको," काशीरामआबा म्हणाले.

अख्खी वाडी देवळाच्या पायऱ्यांवर बसून माझ्याच तोंडाकडे बघत होती. बघणारच. इंग्रजी चौथीत मी पहिली आले होते, आणि वाडीत इंग्रजी वाचणारी मी एकटीच.

समोर खंडूकाका. खलाशी म्हणून बोटीवर गेला तो चौदा वर्षांनी परतला, आणि म्हणतो काय, तर अमेरिकेत मी नट होतो, नाटकंही लिहितो. यंदाच्या उत्सवात त्याला स्वतःचं नाटक करायचं होतं. आबा उत्सवाचे मानकरी. पुरावा बघितल्याशिवाय ते हो म्हणणार नव्हते.

खरं सांगायचं तर संशय मलाही होता. नट असा असतो? मान खाली, आवाज हळू, बस म्हटलं तरी उभाच.

काकाने पुरावा म्हणून आणलेली नाटकाची जाहिरात १९२९ची, न्यूयॉर्कची. मी वरून एकेक नाव वाचत आले. पार तळाशी काका सापडला.

"हिंदू नोकर, खंडू," मी म्हणाले.

वाडीतला बाबल्या फिसकन हसला. "चौदा वर्सं जाऊन नोकरच झालास?"

"भाषणं किती व्हती?" आबांनी विचारलं.

"एकपन नाय. थाळीत पेले घिऊन उभं ऱ्हायचं. पडदा पडंपर्यंत."

"आनि ह्येला नट म्हनायचं?"

काकाने देवळातली थाळी घेतली, दोन पेले काठोकाठ भरले आणि उभा राहिला. बाबल्याने त्याच्या कानाशी टाळी वाजवली. नाकावर माशी बसली. मी मनात दोनशेपर्यंत मोजलं, तेही इंग्रजीत. पाणी हललं नाही. हसणं कधी थांबलं, कळलंच नाही.

"बरं. नाटक दाव," आबा म्हणाले.

काकाने नजरेनेच खिशातली वही दाखवली. मी ती काढून चाळली. कुणाचं उतरवून तर आणलं नाही? पण असलं नाटक मी कधी पाहिलं नव्हतं. पानामागून पान नोकरच बोलत होता.

"सगळ्यात मोठा पार्ट मानकऱ्याचा, ही आपली रीत," आबांनी बजावलं. "ह्यात मोठा कोन?"

"मालक," काका म्हणाला.

"त्येला भाषणं किती?"

"एकपन नाय, आबा. थाळी धरून उभं ऱ्हायचं."

आबांनी काकाकडे रोखून पाहिलं. मग उपरणं खांद्यावरून काढून माझ्याकडे दिलं आणि थाळी हातात घेतली. पाणी लगेच त्यांच्या पायांवर सांडलं.

"पुन्यांदा," खंडूकाका म्हणाला, चांगला मोठ्याने. आणि पायरीवर बसला.