बाबांची मान आणि आमच्या उश्या

आमच्या घरात उशी या विषयावर बोलायची चोरी होती. कारण माझ्या सासऱ्यांची मान. बाबांनी उभी हयात बसमध्ये तिकीट तपासनिसाचं काम केलं. निवृत्त झाले, तपासायला तिकिटं उरली नाहीत, तेव्हा ते उश्या तपासायला लागले. ही उंच, ती बसकी, तिसरीत गाठी, चौथी गरम होते. घरात आलेली प्रत्येक उशी त्यांच्या हातून नापास होऊन बाहेर जायची. शेवटी ते एका जुन्या टॉवेलची घडी डोक्याखाली घ्यायला लागले आणि मग रोज सकाळी त्या टॉवेलबद्दल तक्रार करायला लागले. सासूबाई म्हणायच्या, "यांच्या मानेला आजवर काहीच पसंत पडलेलं नाही. मी पसंत पडले ती डोळ्यांना."

अशा घरात मी उश्यांचा धंदा काढला. याला धाडस म्हणायचं की मूर्खपणा, ते तुम्हीच ठरवा.

मी गाद्या-उश्यांच्या एका दुकानात शिवणकाम करत होते. मालक थकला, दुकान बंद झालं, आणि जाता जाता त्याने मी ज्या मशीनवर बसायचे ती मशीन मला देऊन टाकली. शिवणाच्या कारखान्यात नोकरी मिळत होती, पण कारखाना गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगी उठायच्या आधी घर सोडायचं आणि ती पेंगायला लागली की परत यायचं. मला ते नको होतं. मनापासून नको होतं. घरी मशीन आहे, हातात कला आहे, मग पोरीला फक्त झोपलेली का बघायची?

अडचण एकच होती. मशीनला उजेड लागतो आणि कापडाला लांब टेबल. या दोन्ही गोष्टी मावतील अशी घरात एकच जागा, पुढच्या खोलीत खिडकीखाली. आणि तिथे बाबांचा पलंग. त्या पलंगावरून ते रस्त्यावर लक्ष ठेवायचे. कोण कुठे निघालं, कुणाच्या हातातली पिशवी जड आहे, सगळी नोंद असायची.

"खिडकीत मशीन ठेवणार, मग मी काय छपराला लटकू?" ते म्हणाले.

"बाबा, पलंग फक्त भिंतीकडे सरकवायचा आहे."

"भिंतीकडे काय आहे? भिंत!"

नवऱ्याने रदबदली केली, सासूबाईंनी डोळे वटारले, तेव्हा कुठे तह झाला. बाबांनी बोट वर करून अट सांगितली. "एक ऑर्डर. काय हौस असेल ती फेडून घे. ऑर्डर संपली की मशीन आतल्या खोलीत. ही खोली माझी आहे."

आतल्या खोलीत भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि टेबल आत गेलं तर दार उघडत नाही. मशीन तिथे जाणं म्हणजे धंदा गुंडाळून कारखान्याचा रस्ता धरणं. हे मला कळत होतं, तरी मी "बरं" म्हटलं. वाटलं, तोवर बाबा विरघळतील. पण आमचे बाबा विरघळणाऱ्यांतले नाहीत, हे मी सून असून विसरले.

माझी थोरली बहीण घरीच पाळणाघर चालवते. तिने फोनवर कानमंत्र दिला. "घरच्या सगळ्यांना कामाला लाव. हात गुंतले की तोंडं बंद राहतात." तिच्या घरी राहत असतील. आमच्याकडे हात चालायला लागले की तोंडांनाही चेव येतो. तरी मी तिचं ऐकलं. कापणं आणि शिवणं माझ्याकडे, आणि खोळींत कापसाऐवजी फायबर भरायचं काम बाकीच्यांकडे. सासूबाई दुपारी भरणार, नवरा चष्म्याच्या दुकानातून आल्यावर भरणार, आणि आमची भिंगरी शाळेतून आली की भरणार. मुलीला आम्ही भिंगरीच म्हणतो, कारण ती बसलेली कुणी पाहिलेली नाही.

"आणि बाबा तुम्ही?" मी विचारलं.

"मी निवृत्त झालोय."

निवृत्त माणूस भिंतीकडच्या पलंगावर आडवा होऊन उंटावरून शेळ्या हाकायला मोकळा झाला. "ती शिवण वाकडी चालली." "त्या पोत्याचं तोंड बांधा, फायबर माझ्या चहात उडतंय." "मशीनचा आवाज कालपेक्षा जास्त येतोय." मी दातांत दोरा धरून गप्प बसायचे. दातांत दोरा असला की उलट उत्तर देता येत नाही, हा शिवणकामाचा मोठाच फायदा आहे.

पण खरं सांगायचं तर ते दिवस मजेत गेले. सगळे एकाच खोलीत, सगळ्यांच्या केसांत पांढरं फायबर, आणि बोलायला विषय हजार. सासूबाई आणि नवरा इतकं बोलताना मी आधी पाहिलेच नव्हते. भिंगरी गृहपाठाची कविता उशीच्या खोळीत तोंड घालून म्हणायची. ऑर्डर आली होती ती स्टेशनजवळच्या लॉजच्या मालकीणबाईंकडून. त्यांनी मी भरलेला एक नमुना दाबून बघितला, गालाला लावला आणि म्हणाल्या, "अगदी अश्शीच, सगळ्या खोल्यांसाठी." आम्ही जोर लावला आणि वेळेआधी माल पोचता केला. त्या संध्याकाळी नवऱ्याने चहा केला. तो चहा करतो तेव्हा समजायचं, घरात काहीतरी मोठं घडलेलं आहे.

नंतर दोनच दिवसांनी दारात टेम्पो थांबला. आधी मालकीणबाई उतरल्या आणि त्यांच्या मागे आमच्या सगळ्या उश्या.

"नमुना एक आणि माल भलताच?" पुढच्या खोलीत येत त्या म्हणाल्या. "एका पाहुण्याची मान वर टांगलेली, दुसऱ्याचं डोकं गादीला टेकलेलं, आणि तिसरा म्हणतो माझी उशी मधूनच गायब आहे. काल दोघं जण जिन्यात उश्यांची अदलाबदल करत होते! मी लॉज चालवते बाई, बाजार नाही."

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तो हा. मी एकेक उशी दाबून बघितली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिवण सगळीकडे उत्तम, आणि आत प्रत्येकाचा कारभार निराळा. सासूबाईंचा हात सढळ. पाहुण्याला आग्रह करावा तसं त्यांनी खोळींना केलं होतं. त्यांच्या उश्या टम्म फुगलेल्या. नवरा काटकसरी. टूथपेस्टची ट्यूब कात्रीने कापून शेवटचा कण काढणारा माणूस तो, त्याच्या उश्या पापुद्र्यासारख्या. आणि भिंगरीला टोकं आवडतात. तिने चारही कोपरे आणि कडा गच्च भरल्या होत्या आणि मध्यभागी खळगा.

"तुला सांगत होतो आईला आवर म्हणून," नवरा म्हणाला.

"मला आवर? तुझ्या उशीत फायबर शोधायला चष्मा लागेल, तोही तुझ्याच दुकानातला," सासूबाई म्हणाल्या.

"माझे कोपरे किती छान आलेत बघा ना!" भिंगरी म्हणाली.

मी त्यांना काय बोलणार? चूक माझी होती. भरणं म्हणजे काय, कुणीही भरेल, असं मीच धरून चालले होते. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींच्या मध्ये मला आतल्या खोलीतला तो दिवा दिसत होता. गेली ऑर्डर. गेली खिडकी. उद्यापासून कारखान्याची बस.

"बाई, मी सगळ्या उसवून परत भरून देते," मी म्हटलं.

"नको. माल ठेवून घ्या, व्यवहार मिटवू."

"थांबा!" भिंतीकडून आवाज आला.

बाबा उठून बसले होते. तिकीट मागताना वापरायचे तो आवाज होता तो. बाईंचा हात नकळत पर्सकडे गेला, असं मला आजही वाटतं.

"ती फुगलेली इकडे आण," ते मला म्हणाले. मी दिली. ते तिच्यावर कुशीवर झाले. मग नवऱ्याची घेतली आणि पालथे पडले. मग भिंगरीची घेतली आणि उताणे. आम्ही सगळे उभे. ते पुन्हा उठून बसले आणि बाईंकडे बघत म्हणाले, "तुम्ही कुशीवर झोपता. उजव्या."

"डाव्या," बाई म्हणाल्या आणि मग चपापल्या. "तुम्हाला कसं कळलं?"

"माझ्या समोर उभ्या आहात, म्हणून उजव्या म्हटलं. खांदा एक वर, एक खाली. अहो, मी जन्मभर झोपलेल्या लोकांना उठवून तिकीट विचारलंय. कुणाची मान खिडकीला, कुणाची छातीवर, कुणी समोरच्या दांडीवर पालथा. जो तो आपल्या तऱ्हेने झोपतो, व्यक्ती तितक्या प्रकृती. आणि तुम्ही सगळ्यांना एकच उशी देणार! कुशीवर झोपणाऱ्याला ही माझ्या बायकोची लागते, खांद्याची उंची भरून निघते. पालथ्या माणसाला माझ्या मुलाची, नाहीतर मान मुरगळते. आणि उताण्याला ही नातीची, डोकं खळग्यात बसतं आणि मानेला काठ मिळतो. तुम्ही वाटताना घोळ केलात. माल चोख आहे."

माल चोख! बाबांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. सासूबाईंनी तर हातातली उशी खाली ठेवली.

"बोलायला काय जातं," बाई म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

"मग बघा की पडून. आम्ही पुरुष बाहेर उभे राहतो." बाबा उठले, पलंगावरची चादर हाताने सारखी केली आणि नवऱ्याला घेऊन जिन्यात गेले.

बाईंनी आढेवेढे घेतले, घड्याळ बघितलं, चपला काढल्या आणि सासूबाईंची उशी घेऊन डाव्या कुशीवर झाल्या. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "तशी बरी आहे." मग काहीच म्हणाल्या नाहीत. भिंगरीने वाकून बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. दिवसभर पाहुण्यांच्या किल्ल्या सांभाळणारी ती बाई आमच्या भिंतीकडच्या पलंगावर गाढ झोपली होती. जिन्यातून बाबांनी खुणेने विचारलं, काय? मी खुणेनेच सांगितलं. त्यांनी मान हलवली. ती दुखणारी मान, पण ऐटीत हलवली.

बाई उठल्या तेव्हा एका बाजूचे केस चपटे झाले होते आणि चेहरा पार बदलला होता. टेम्पोवाल्याला त्यांनी उश्या परत चढवायला सांगितल्या. लॉजच्या टेबलामागे तीन खण करायचे, आणि येणाऱ्या पाहुण्याला किल्ली देताना विचारायचं, तुम्ही कसे झोपता, असं त्यांनी ठरवलं. "आणि पुढच्या पाठवताना कुठली कुठली ते ओळखू येऊ द्या," असं जाता जाता म्हणाल्या. पुढच्या! भिंगरीने लगेच तीन रंगांचे दोरे काढले आणि कोपऱ्यांवर खुणेचे टाके घालायला बसली. म्हणजे ती बसली. हे लिहून ठेवण्यासारखं आहे.

घरात सगळे खूश होते. मीही होते, पण माझ्या मनात एक बोच होती. पहिली ऑर्डर आता खरोखर संपली होती. बाबांनी आमची लाज राखली होती, आता आपण दिलेला शब्द मोडायचा कसा? ते काही बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी शाळेत गेली, नवरा कामावर गेला. बाबा न्हाणीघरात होते. मी मनाशी म्हटलं, उगाच त्यांना मागायला लावू नये. मशीनवरचं कापड काढलं, टेबल रिकामं केलं आणि मशीन दोन्ही हातांनी ओढत आतल्या खोलीच्या दाराकडे नेऊ लागले. बिडाची मशीन ती, फरशीवर करकरत होती. सासूबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्यांच्या हातात बाबांचा तो जुना टॉवेल होता. त्याने त्या ओटा पुसत होत्या.

मी टॉवेलकडे बघितलं. मग पलंगाकडे बघितलं. पलंगावर खळग्याची एक उशी होती. भिंगरीच्या हातची, कोपऱ्याला खूण न केलेली.

"हे काय चाललंय?" बाबा मागे उभे होते. डोक्याचं पाणी खांद्यावर ओघळत होतं.

"ऑर्डर संपली ना बाबा. ठरल्याप्रमाणे मशीन आत नेतेय. खोली तुमची."

"तुझी ऑर्डर संपली असेल," ते म्हणाले. "मला एकेक उशी पडून बघायची आहे. कालच्यासारखा घोळ पुन्हा चालणार नाही. त्या अंधारात मला कोपऱ्यावरचा दोरा दिसणार आहे का? मी काम कुठे करायचं? छपराला लटकून?"

आणि त्यांनी वाकून मशीनची दुसरी बाजू धरली.

"बाबा, तुमची मान!" मी ओरडले.

"मानेला काय धाड भरलीय?" ते म्हणाले. "उचल. खिडकीकडे."