बंबामागची बाटली

न्हाणीची कडी लागली आहे ना, हे मीनाबाईने पुन्हा एकदा पाहिलं आणि बाटलीतली बिअर शिकेकाई-रिठ्याच्या कोमट काढ्यात ओतली. फेस आला नाही. "शिळी झाली की मगच केसांना वापर," असं सलमाने बजावलं होतं. शेजारची सलमा स्टुडिओत नट्यांचे केस विंचरायला जायची. ही अर्धी बाटली तिनेच तिथून पदराखाली लपवून आणली होती. टायफॉइडनंतर मीनाबाईची मनगटाएवढी वेणी पार उंदराची शेपटी झाली होती. ती परत हवी होती, एवढंच.

पण या घरात अशी बाटली आणायची म्हणजे हौसेचा कहरच. आठ महिन्यांपूर्वी तिच्या नवऱ्याने, कृष्णातने, जोतिबाचा गुलाल हातावर घेऊन दारू सोडली होती. तोवर त्याचं ताट बाहेर सोप्यात, चपलांशेजारी मांडलं जायचं. पिणाऱ्याने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही, हा सासूबाईंचा, सरूबाईंचा नियम. त्याने गुलाल उचलला त्या दिवशी मात्र त्यांनी त्याला चुलीसमोर बसवलं होतं आणि वाढता वाढता त्या रडल्या होत्या.

मीनाबाई केस पुसत बाहेर आली तेव्हा कृष्णात फौंड्रीत निघाला होता. तिच्याजवळून जाताना तो थबकला. नाकपुड्या हलल्या. तिच्याकडे न बघता, हातातला चहा तसाच खाली ठेवून तो बाहेर पडला. मीनाबाई त्याच्या मागोमाग दारापर्यंत गेली. इतक्या दिवसांनी त्याला तो वास आला होता, आणि तोही आपल्या केसांचा. आज हा नीट घरी येईल ना? संध्याकाळी बाटली सलमाला देऊन टाकू म्हणून तिने ती पाणी तापवायच्या बंबामागे सारली.

संध्याकाळी राख काढायला सरूबाई बंबापाशी गेल्या.

कृष्णात घरी आला, तोही शुद्धीत, नेहमीच्या वेळी. त्याने चपला काढल्या तोच सरूबाईंनी बाटली पुढे धरली.

"किस्ना, ही कुणाची रं?"

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग मीनाबाईकडे. तिने पदर कपाळापर्यंत ओढला.

सरूबाईंनी देव्हाऱ्यातली गुलालाची डबी आणली. "घे हातात. प्यालो न्हाई म्हण. दुसरं काय बी इचारत न्हाई मी."

कृष्णातचा हात पुढे आला. तो प्यालाच नव्हता. त्याला शपथ घेणं जड नव्हतं. पण मग संशय घ्यायला घरात उरलं कोण? हात डबीपाशी थांबला आणि गुलालाला न शिवता मागे आला.

"माझीच हाय, आई. चुकलं."

डबीचं झाकण सरूबाईंना दोनदा लावावं लागलं.

खरं सांगायला मीनाबाई एक पाऊल पुढे आली आणि थांबली. सलमाचं नाव निघेल, पेठेत चर्चा होईल, बायको पिते म्हणतील. सगळं खरं होतं. त्यातलं एकही कारण तिला पुरेसं वाटलं नाही, आणि तरी ती गप्प राहिली. तिला स्वतःची शिसारी आली.

जेवायला सरूबाईंनी कृष्णातचं ताट सोप्यात मांडलं. तो मुकाट्याने जाऊन बसला.

"मीना, भाकरी आण गं," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. तेच तिला सोसवेना.

तिने भाकरी नेली. मग आत येऊन स्वतःचं ताट उचललं आणि चपलांशेजारी, त्याच्या बाजूला जाऊन बसली.

"जा आत," कृष्णात हळूच म्हणाला.

ती हलली नाही.

"तू कशाला भाईर बसलीस?" सरूबाई उंबऱ्यावर आल्या. "प्यालाय त्यो. तू न्हवं."

मीनाबाईने डोक्यावरचा पदर मागे सारला. वेणी सोडली आणि सासूसमोर मान खाली घातली.

"आत्ती, माझ्या केसांचा वास घ्या."