मुलं किती?

आमच्या कॅनडाच्या पीआरच्या, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या परवानगीच्या, अर्जात पहिली अडचण आली ती माझ्याच तोंडून. मेडिकलसाठी हैदराबादला गेलो होतो, त्यांच्या यादीतला डॉक्टर तिथेच मिळाला. डॉक्टरीणबाईंनी पोटावरच्या टाक्यांवर बोट फिरवलं आणि विचारलं, "डिलिव्हरी कितनी?"

मी म्हटलं, "दो."

त्यांनी लिहून घेतलं आणि बीपीचा पट्टा गुंडाळायला घेतला. माझा नवरा यशदीप बाहेर आमच्या मुलीला, मैत्रीला, कडेवर घेऊन फिरत होता. त्याला मी काही सांगितलं नाही. मला स्वतःलाही त्या वेळी काही चुकलं असं वाटलं नव्हतं. टाके बघणाऱ्या बाईला एक कसं सांगणार?

दोन महिन्यांनी पत्र आलं. अर्जात एक अपत्य, वैद्यकीय तपासणीत दोन प्रसूती. दुसऱ्या अपत्याची माहिती का दिली नाही, याचा खुलासा तीस दिवसांत करावा. नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो आणि पुढची पाच वर्षं परत अर्ज करता येणार नाही.

दुसरं म्हणजे खरं तर पहिलं. प्रशिक. सहा वर्षांचा आहे, खालच्या मजल्यावर राहतो आणि मला चाची म्हणतो.

तो झाला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. सरिता ताई, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई, यांची तोवर तीन बाळंतपणं वाया गेली होती. तिसऱ्या वेळी त्या दवाखान्यातून आल्या आणि चार महिने कोणाशी बोलल्या नाहीत. त्यातच मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात सासूबाईंनी मला जवळ बसवून विचारलं, हे बाळ ताईंना देशील का, आणि मी हो म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही, हे मला लिहायलाच हवं. मला वाटलं, घर एकच आहे, जिना एकच आहे, जाणार कुठे? आणि मला काय, अजून होतील.

नामकरणाला विहारातून भन्तेजी आले, वंदना झाली, आणि त्या दिवसापासून तो ताईंचा आणि गौतम भाऊजींचा. दूध मात्र मीच पाजत होते. ताई त्याला वर घेऊन यायच्या आणि माझं होईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसायच्या. अकरा महिने. त्यांची ती पाठ मला अजून दिसते, मानेखालचा तीळसुद्धा.

कागद कोणी केला नाही. जन्माच्या दाखल्यावर हॉस्पिटलने लिहिलं तेच राहिलं, आई क्षमा, वडील यशदीप. भाऊजी रेल्वेत आहेत, कागदाची सवय असलेला माणूस, ते दर दिवाळीला म्हणायचे, "या सुट्टीत दत्तकपत्र करून टाकू." आणि दर दिवाळीला सासूबाई म्हणायच्या, "घरातल्या घरात कागद काहून पाह्यजे रे? पोट्टं हाय का प्लॉट?" सगळे हसायचे. शाळेच्या रजिस्टरला आईच्या रकान्यात मी आहे, पालकसभेला ताई जातात. बाईंना वाटतं, घरचं प्रेमाचं नाव वेगळं असेल.

म्हणून गेल्या वर्षी जानेवारीत बूढापाऱ्यात व्हिसाची कामं करणाऱ्या शिशिर भैयांच्या ऑफिसात फॉर्म भरताना त्यांनी "बच्चे?" विचारलं, तेव्हा यशदीप अगदी सहज म्हणाला, "एक. बेटी." त्याच्या मनात खोटं नव्हतं. आमच्या घरात कोणालाही विचारलं असतं तर हेच उत्तर मिळालं असतं. शेजारी मी बसले होते आणि मी मैत्रीचे बूट सरळ करत होते.

पत्र घेऊन आम्ही परत तिथेच गेलो. शिशिर भैयांनी दोनदा वाचलं, कपाळावर हात मारला. "भैया, इतनी बड़ी बात आपने बताई नहीं? मेरे को क्या सपना आएगा?"

"हमारे लिए वो दादा का ही है," यशदीप म्हणाला.

"आपके लिए है. बर्थ सर्टिफिकेट में तो आपका है."

मग त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, प्रशिकला आता आपला मुलगा म्हणून अर्जात घालायचं, सोबत येणार नाही असं लिहायचं, त्याचंही मेडिकल करायचं. दुसरा, दत्तकपत्र रजिस्टर करून जोडायचं, की मूल कायद्यानेही भावाचं झालं, आणि आधी सांगितलं नाही ते घरच्या समजुतीमुळे. मंजूर होईलच अशी खात्री दोन्हींत नाही.

"फरक क्या है?" मी विचारलं.

ते माझ्याकडे वळले. आवाज थोडा खाली आणला. "भाभी, पहले वाले में बच्चा काग़ज़ पे आपका रहेगा. कल को आप उधर सेट हो गए, तो उसको बुला सकते हो. दूसरे वाले में वो दरवाज़ा बंद."

स्कूटरवर आम्ही बूढा तलावाच्या बाजूने घरी निघालो. सिग्नलला यशदीप म्हणाला, "पहिलंच करू. सोपं हाय ते. मेडिकल करून येऊ, कोणाले काही फरक पडत नाही."

"ताईंना?"

"वहिनीले काय फरक पडते? पोट्टा इथंच राह्यणार हाय." मग हिरवा लागला, आणि गाडी काढता काढता तो म्हणाला, "अन् पुढचं कोणी पाह्यलं?"

पुढचं मी पाहिलं होतं. त्या पाच मिनिटांत मी सगळं पाहून घेतलं. प्रशिक बर्फात, प्रशिक मैत्रीचा हात धरून पिवळ्या बसमध्ये चढतोय. एवढं स्वच्छ दिसलं की मला स्वतःची भीती वाटली.

आम्हाला जायचं का आहे, तेही सांगते. यशदीप सिलतऱ्याच्या एका प्लांटमध्ये क्वालिटीत आहे. गच्चीवर वाळत घातलेले कपडे संध्याकाळी झटकले की कारखान्यांची काळी भुकटी उडते, आणि मैत्रीला दर दहा-पंधरा दिवसांनी मशीनची वाफ द्यावी लागते. अडीच वर्षांची पोर, मास्क दिसला की स्वतःहून तोंड पुढे करते. रडतसुद्धा नाही आता. चौदा महिने मी रोज फोनवर अर्जाचं पान उघडत होते. प्रोफाइल झालं, बोलावणं आलं, कागद गेले, बोटांचे ठसे झाले, मेडिकल झालं. एकेका पायरीला आम्ही गोल बाजारातून जिलेबी आणून खाल्ली. आणि आता हे.

ताईंना कोणी सांगायचं, हे ठरायच्या आधीच त्यांना कळलं. प्रशिकच्या जन्मदाखल्याची प्रत त्यांच्या कपाटात होती, आणि यशदीपने ती मागितली.

त्या दिवसापासून प्रशिकचं वर येणं बंद झालं. आधी तो शाळेतून आला की दप्तर जिन्यात टाकून थेट मैत्रीकडे यायचा. आता खालून आवाज यायचा, "होमवर्क कर. नंतर जा." आणि ते नंतर काही येत नव्हतं. मैत्री जिन्याच्या जाळीला तोंड लावून ओरडायची, "भैय्याऽऽ!" सासूबाई दोन मजल्यांच्या मध्ये पायरीवर बसून शेंगा सोलायच्या आणि कोणाकडेच बघायच्या नाहीत. मी भाजी द्यायला खाली गेले तर ताईंनी वाटी घेतली, धुऊन लगेच परत दिली. आमच्यात रिकामी वाटी कधी परत जात नाही, निदान साखर तरी घालतात.

पत्र आल्याला एकोणिसावा दिवस होता. दुपारची वेळ, मैत्री नुकतीच झोपली होती. ताई वर आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"बसा ना, ताई."

"बसाले नाही आली. एक विचारायचं हाय. शिशिर भैयाले मी फोन केला होता."

मी वाफेचा मास्क पुसून बाजूला ठेवला.

"तो म्हणते, तुमचं नाव राह्यलं त पुढं कधी बी बोलावता येते. खरं हाय?"

"हो. म्हणजे, तसा नियम आहे. आम्ही काही बोलावणार नाही, ताई."

"मंग नाव कशाले पाह्यजे?"

मैत्री झोपेत खोकली. दोघींनीही तिकडे पाहिलं, आणि ती पुन्हा शांत होईपर्यंत दोघी थांबलो.

"यशदीप म्हणतात सोपं आहे ते..."

"यशदीप भाऊजी काय म्हणतात ते मी नाही विचारलं. तू काय म्हणते?"

ताई आत आल्या. पलंगाच्या कडेला बसल्या, मैत्रीच्या पायांवरची चादर नीट केली. बोलल्या तेव्हा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच मला सोसवेना.

"तुमच्या अर्जाले चौदा महिने झाले, त तू रोज फोन पाह्यते. गॅसवर दूध असलं तरी पाह्यते. मी सहा वर्षांपासून रोज तुयं तोंड पाहून राह्यली, क्षमा. आज हिच्या मनात काय हाय? त्याले ताप आला अन् तू कपाळाले हात लावला, की मी तुया हात पाह्यते. तो पडला अन् तू धावली, की मले वाटते, झालं. आज मागते." त्यांनी चादरीची एक घडी सरळ केली. "दर दिवाळीले हे म्हणत, कागद करू. सगळे हसत. तू बी हसे. मी तुले कधी म्हटलं का, चल करू म्हणून?"

"नाही."

"काहून नाही म्हटलं? भेव वाटे. तू नाही म्हटलं असतं त?"

त्या गेल्या तेव्हा दार अर्धवट उघडं राहिलं. मी तिथेच बसून राहिले. दर दिवाळीला मी का हसत होते, ते मला चांगलं माहीत होतं. कागद झाला नाही तोवर मी काही दिलंच नव्हतं. नुसतं ठेवायला दिल्यासारखं मनात कुठेतरी धरून होते, आणि वरून त्यांच्या कृतज्ञ नजरा घेत होते.

यशदीप घरी आल्यावर मी सांगितलं, दत्तकपत्र करायचं.

"विचार कर," तो म्हणाला. "एकदा झालं की झालं."

"तुला वाईट वाटतं?"

त्याने डबा सिंकमध्ये ठेवला आणि नळ सोडला. पाठमोराच म्हणाला, "मले कोणी विचारलं होतं का कधी?" सहा वर्षांत पहिल्यांदा. आणि खरंच, त्याला कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

पंचविसाव्या दिवशी आम्ही रजिस्ट्री ऑफिसात गेलो. भाऊजींनी रजा काढली होती, ताई लग्नाकार्यातली साडी नेसून आल्या होत्या. प्रशिकला शाळेच्या कामाचा फोटो काढायचा आहे असं सांगितलं होतं. तो मोठा झाला की त्याला सांगायचं, हे भाऊजींनी ठरवलंय. केव्हा, ते नाही. सह्या झाल्या, अंगठे झाले. बाबूने मला विचारलं, "अपनी मर्ज़ी से?" मी "जी" म्हटलं. मला वाटलं संपलं.

"अब बच्चे को दीजिए," तो म्हणाला.

"जी?"

"कानून में देना-लेना होता है, मैडम. आप देंगी, ये लेंगी. उसका फोटो लगेगा फाइल में."

भाऊजी म्हणाले, बाजूला उभं करून काढा ना. बाबू म्हणाला, नाही चालत, हातातून हातात दिसलं पाहिजे. मागे चार माणसं नंबर लावून उभी होती. मी खुर्चीवर बसले आणि प्रशिकला मांडीवर घेतलं. किती जड झाला होता. त्याचे बूट माझ्या साडीला लागत होते. केसांना खालच्या मजल्याच्या तेलाचा वास होता, आमच्याकडे ते तेल नाही.

"चाची, मैं बच्चा थोड़ी हूँ," तो कुजबुजला. मग, "ये मेरे को दे क्यों रहे हैं?"

"फोटो के लिए," भाऊजी म्हणाले.

मी त्याला काखेत धरून उचललं, ताईंनी घेतलं. बाबूने मोबाइल समोर धरला, क्लिक झालं. त्याने स्क्रीन जवळ नेऊन पाहिली.

"हिल गया. बच्चे ने मुंडी घुमा दी. फिर से दीजिए."

ताईंनी प्रशिकला परत माझ्याकडे केलं. तो वैतागला होता, अंग ढिलं सोडून माझ्या खांद्यावर पडला, आणि त्याची हनुवटी माझ्या मानेत रुतली. असा तो कधीच पडला नव्हता, कळायला लागल्यापासून. मला उठवेना. मागून कोणीतरी "जल्दी करो भई" म्हटलं. ताईंनी हात पुढे केले होते. पण त्या ओढत नव्हत्या. हात तसेच पुढे धरून उभ्या होत्या, बांगड्या एकमेकींवर वाजत होत्या, आणि त्यांनी डोळे खाली केले होते, माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या.

"सामने देख, बेटा," मी प्रशिकला म्हटलं. त्याची हनुवटी धरून मोबाइलकडे वळवली, आणि दिला.

हा फोटो चांगला आला.

खुलासा अठ्ठाविसाव्या दिवशी गेला. त्याला आता एकेचाळीस दिवस झाले. पान तेच दाखवतं, तपासणी सुरू आहे. शिशिर भैया म्हणतात, फिफ्टी-फिफ्टी. मैत्रीला काल परत वाफ द्यावी लागली. प्रशिक वर यायला लागलाय, दप्तर जिन्यातच टाकतो. परवा ताईंनी खालून विचारलं, "क्षमा, काही आलं काय?" मी म्हटलं, "नाही, ताई." त्या म्हणाल्या, "येईल." आणि मग मला कळेना, काय यावं असं मला वाटतंय.