चाळीस ग्रॅम

प्रफुलभाऊ वर्ध्यातले हार्डवेअरचे व्यापारी. पण डोंगर चढू लागल्यापासून ते ग्रॅममध्येच बोलायचे. दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा त्यांनी अर्धा कापला होता. पाठीवरची विलायती बॅग रिकामी असली की वाऱ्यानं उडायची, आणि त्यांना नेमका त्याचाच अभिमान होता.

रत्नदीप सर मात्र किलोवाले. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. भात्याचा मोठा लाकडी कॅमेरा, तळहाताएवढी एकेक फिल्म, ती ठेवायचे चपटे होल्डर आणि तिपाई असा त्यांचा संसार. गेल्या वर्षी तळेगावच्या पुढच्या टेकडीवर तो संसार भाऊंनी पाठीवर नेला. मोहाच्या झाडाचा फोटो सरांनी काढला. प्रदर्शनात पाटी लागली : ‘छाया – प्रफुल’.

सरांनी विचारलं, तर भाऊ म्हणाले, ‘‘सर, बटन तुम्ही दाबलं, पण ओझं कोनं वाह्यलं?’’

सर हसले. घरी येऊन मात्र तीन दिवस बायकोला, कमलाबाईंना, तेच वाक्य ऐकवत राहिले. म्हणजे चांगलेच पेटले होते.

यंदा तो मोह रस्त्यासाठी तोडायचा ठरला. त्याचा शेवटचा फोटो ग्रंथालयाच्या दिनदर्शिकेवर येणार होता, काढणाऱ्याच्या नावासकट. भाऊ सरांच्या दारात हजर.

‘‘कॅमेरा द्या सर. गुडघ्याले काऊन तरास देता? मले सारं येते. बॅग तेवढी भरून द्या. सात किलोच्या वर नाई पाह्यजे.’’

सरांनी इतक्या चटकन होकार दिला की कमलाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली.

भाऊ वजनकाटा घेऊनच आले होते. यादी केली. काळं कापड गेलं, फोकस तपासायचं भिंग गेलं, पाण्याची बाटली अर्धी झाली. काटा सात किलो चाळीस ग्रॅमवर अडून बसला.

‘‘आता काय काढू?’’ सरांनी नम्रपणे विचारलं. ‘‘फिल्म काढू?’’

‘‘काढा ना! होल्डर असल्यावर फिल्म कायले लागते?’’

वर्षभर छाती फुगवून फिरणाऱ्या फोटोग्राफरचं हे वाक्य सरांनी डोळे मिटून, चव घेत ऐकलं. मग यादीत लिहिलं, ‘फिल्म – काढली’, आणि भाऊंची सही घेतली. न्हाणीघरात अंधार करून बारा फिल्म काढल्या, रिकामे होल्डर बंद केले. काटा सातच्या खाली आला. भाऊ खूश.

चौथ्या दिवशी भाऊ होल्डर घेऊन आले तेव्हा घामाघूम होते.

‘‘सर, लॅबवाला म्हंते आत काहीच नाई! अन् झाड तं कालच तुटलं!’’

सरांनी यादी पुढे केली. ‘‘सही तुमचीच आहे ना?’’

भाऊंनी ती दोनदा वाचली.

‘‘चिंता नका करू,’’ सर म्हणाले. ‘‘तुम्ही कॅमेरा मागायच्या आदल्या रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको एसटीनं जाऊन मोहाचा फोटो काढून आलो. ओझं अकरा किलो होतं.’’

दिनदर्शिका छापून आली. मोहाखाली दोन ओळी होत्या : ‘छाया – रत्नदीप. ओझं – कमलाबाई.’

पहिली प्रत सर स्वतः भाऊंच्या दुकानात घेऊन गेले आणि गल्ल्यासमोरच्या भिंतीवर टांगली. खिळा तिथलाच घेतला, चांगला जाडजूड, वजनदार.