क्रशर थांबल्यावर

आमच्या घरामागे बर्फाचा कारखाना आहे. मिरकरवाडा बंदरातले ट्रॉलर निघायच्या तयारीला लागले, की दुपारी दोनच्या सुमाराला तिथला क्रशर सुरू होतो. बर्फाच्या लाद्या त्यात पडतात आणि तासभर असा आवाज होतो, की समोरच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. मी मूळची खेडची. लग्न होऊन आले तेव्हा त्या आवाजाने माझं डोकं दुखायचं. माझी सानवी मात्र जन्मल्यापासून त्यात गाढ झोपायची.

सासूबाईंना त्याचा केवढा अभिमान. त्या पहाटे लिलावाला जातात आणि मासळी विकून संध्याकाळी येतात. भेटेल त्याला सांगायच्या, बंदराची पोर आहे आमची, मशीन फुटलं तरी उठायची नाही. शेजारची राजश्री आपल्या किरकिऱ्या नातवाला आणून सानवीकडे बोट दाखवायची, बघ, शिक जरा. मी काही शंका काढली, की सासूबाई हसायच्या. "अगो, तू खेडची. तुला नाय कळायचं."

शंका होती. तेरा महिने झाले तरी 'आई' नाही, 'बाबा' नाही. रितेश मुंबईला नोकरीला. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, मीपण तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, आईला विचार. सासूबाईंनी हो म्हटलं. विषय संपला.

माझा धीर एकाच गोष्टीवर टिकून होता. क्रशर थांबला, की सानवी लगेच डोळे उघडायची. रोज. म्हणजे तिला आवाज येत असणार, तो बंद झालेला कळत असणार.

त्या दुपारी मी तिच्या शेजारी वही घेऊन बसले होते. बाळंतपणाआधी मी ज्या शाळेत विज्ञान शिकवायचे, तिथल्या हेमा मॅडमनी भित्तिपत्रकासाठी एक पान मागितलं होतं. परग्रहावरून अजून कुणाचीच खूण का मिळाली नाही, असं नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं म्हणे. दोन दुपारी माझ्या त्याच प्रश्नात छान गेल्या होत्या.

मी लिहिलं, अंतरं फार मोठी आहेत, हाक अजून वाटेतच असेल. लिहिलं, कदाचित त्यांचा काळ होऊन गेला आणि आपण उशिरा आलो. किंवा आपणच आधी आलो, बाकी कुणी अजून जागं झालेलं नाही. किंवा ते आहेत आणि मुद्दाम गप्प आहेत. मग लिहिलं, आपण बहुतेक रेडिओलहरींवरच कान ठेवून बसलो आहोत. समोरचा त्या वाटेने बोलतच नसेल, तर आपल्याला शांतताच मिळणार, आणि तिचा अर्थ आपण आपल्या सोयीने लावणार. उलटही होऊ शकतं. खूण मिळाली, तरी ती कुठल्या वाटेने आली हे तपासल्याशिवाय

पुढे लिहवलं नाही. क्रशर चालू होता. माझ्या मांडीखालची फरशी थरथरत होती. आणि सानवी फरशीवरच्या गोधडीवर झोपली होती.

दुसऱ्या दिवशी मी तिची जुनी झोळी काढून छताच्या कडीला टांगली आणि फरशीची थरथर लागू नये म्हणून तिला झोळीत झोपवलं. क्रशर सुरू झाला. मी समोर बसून राहिले. ऊठ गं, एवढंच मागत होते. तो थांबला की ऊठ.

तो थांबला. जेटीवरची माणसं, कावळे, कुणाचा तरी मोबाईल, सगळं ऐकू यायला लागलं. सानवी झोपलेलीच. मी हाक मारली. मग झोळीशी जाऊन ताटावर पळी वाजवली. बऱ्याच वेळाने, आपली झोप पुरी करून ती उठली आणि मला बघून हसली.

तेरा महिने मी तिच्याशी बोलत होते. तेल लावताना, भरवताना. घरात दुसरं कुणी नसायचं, म्हणून सगळं तिलाच सांगायचे. खेडच्या जगबुडी नदीचा पूर, माझे नववीचे वर्ग, तिच्या बाबावरचा राग. त्यातलं काहीच पोहोचलं नव्हतं. दुपारी घरात आम्ही दोघी असतो, असं मी समजत होते.

संध्याकाळी सासूबाईंना सांगितलं. त्या चिडल्या. पोरीत खोट काढायला बसलीस, म्हणाल्या. मी वाद घातला नाही, फक्त उद्या दुपारी घरी थांबा म्हटलं. मासळी टाकून त्या कधी थांबत नाहीत. थांबल्या. क्रशर बंद झाल्यावर, लिलावात सगळ्यांवर चढणाऱ्या त्या आवाजात त्यांनी नातीला हाक मारली. परत मारली. मग झोळीची दोरी धरून खाली बसल्या.

"मी गावभर सांगत फिरले गो," त्या म्हणाल्या.

"मलाही ते खरं वाटायला हवं होतं, आई."

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे आल्या. दोन्ही कानांना जवळजवळ काही ऐकू येत नाही, डॉक्टर म्हणाले. पण लवकर आणलंत. कानाचं मशीन, ऑपरेशन, खुणांची भाषा, पुष्कळ वाटा आहेत. रितेशला फोन करून सगळं सांगितलं. तो शनिवारी निघतो म्हणाला.

घरी आल्यावर मी सानवीला माझ्याकडे तोंड करून मांडीवर घेतलं. तिचा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला आणि तिचं नाव घेतलं. तिने दचकून हात काढला. माझ्या तोंडाकडे बघितलं, गळ्याकडे बघितलं. मी गप्प बसले. आता पुढचं तिच्याकडे होतं. बाहेर कुणीतरी टेम्पो मागे घेत होतं.

मग तिने आपणहून तळवा परत तिथेच आणून ठेवला, आणि वाट बघत राहिली.