पाचवी वायर

मी टर्बो टायमर बोलतोय. काडेपेटीएवढा माझा जीव, स्टेअरिंगखाली चिकटवलेला. मालक किल्ली काढून गेला तरी तीन मिनिटं मी इंजिन चालू ठेवतो, म्हणजे इंजिनात हवा कोंबून तापलेला टर्बो पंखा हळूहळू निवतो. मग बंद करतो. एवढंच माझं काम.

माझा मालक चष्म्याच्या काचा घासणारा कारागीर. गाडीत मला त्याने स्वतःच बसवलं. घरासमोरच्या उतारावर गाडी लावली, उताणा होऊन स्टेअरिंगखाली शिरला आणि चार वायरी झटपट जोडल्या. पाचवी हँडब्रेकची. ब्रेक पूर्ण ओढलेला नसेल तर ती मला कळवते आणि मी इंजिन लगेच बंद पाडतो, म्हणजे मालक सावध होतो. पण ती जोडायची तर दोन सीटमधलं झाकण उघडायला हवं होतं.

त्याचे वडील उताराच्या तळाशी खुर्ची टाकून ऊन खात बसायचे. ते काठी टेकत वर आले.

"ही एक उरली की रे?"

"ती लागत नाही, बाबा."

त्याने ती गाडीच्या पत्र्याला जोडून स्क्रू आवळला. झालं. तेव्हापासून ब्रेक ओढलेलाच आहे, असं मला कायमचं पढवलं गेलं.

पूर्वी तो गाडी गिअरमध्ये लावायचा. आता इंजिन चालू राहणार, म्हणून न्यूट्रलमध्ये. शेजाऱ्यांना हातातली किल्ली नाचवून दाखवायचा, "बघा, आत कुणी नाही, तरी चालू!" लोक हसायचे. मला मात्र चाकांखालचा उतार जाणवायचा.

एका दुपारी तो फोनवर बोलतच उतरला. ब्रेक अर्धाच ओढलेला. थोड्या वेळात गाडी कुरकुरली आणि मागे सरकू लागली. बाबांचा डोळा लागला होता. इंजिनाची घरघर त्यांच्या सवयीची झाली होती, म्हणून ते जागे झाले नाहीत. सून किंचाळत धावली, पण उशीर झाला होता.

बाबा वाचले. त्यांचा उजवा पाय गेला.

"ब्रेक नीट ओढला होता ना?" तिने नवऱ्याला विचारलं.

"ओढला होता गं. केबलच सैल असणार."

बाबा पलंगावरून त्याच्याकडे बघत राहिले.

केबल बदलून झाली. मला कुणी हात लावला नाही. मला काढायचं, तर का काढतोय हे त्याला सांगावं लागेल.

आजपासून सून गाडी शिकतेय. तो शेजारी बसून म्हणतोय, "किल्ली काढ आणि खुशाल उतर. बाकी सगळं आपोआप होतं."

अहो, ऐकताय ना? कुणीतरी पक्कड आणा आणि मला इथून उपटून काढा. तिने दार उघडलंय.